डागी अख्खो

"माका ग्रीक वाचूक येना नाय म्हणान माका दिसना पण नाय, ह्या तुका कोणी सांगल्यान रे अ‍ॅलन?"

"तसा नाय गो बाय. पण हे पुण्यासून इलेत. पोस्टाच्या तिकिटांचो ह्यांचो धंदोच आसा."

"आणि माझो काय, इटीदांडू खेळूचो? बावीस वर्सां काजीचे गर निवडतंय मी. दिसाक धा-पंधरा हजार गर जातत ह्या डोळ्यांखालसून. त्येच्यात एक डागी चुकान गेलो तर भक्ती मॅडम आख्खो डबो परत हाडून माझ्या टेबलार ओतता. ह्यांका कोण परत हाडून ओतता?"

पुण्याहून आलेल्या जितेंद्रांना सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढ्यावर ते हसले. टेबलावरचं भिंग त्यांनी उगाच रुमालानं पुसलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही चहाचं बघता का जरा?"

सावित्री जागची हलली नाही. "चाय अ‍ॅलन करतलो. घर तेचा आसा. मी हय तिकिटां बघूक इलंय."

कट्टा गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून चार पावलं आत साल्वादोर लोबोचं घर. पडवीत लांब हातांची खुर्ची, खुर्चीत त्र्याऐंशी वर्षांचा साल्वादोर. दोन्ही डोळे काचबिंदूनं खाल्लेले, कान मात्र मांजराचे. त्याच्यासमोर टेबल, टेबलावर हिरव्या पुठ्ठ्याचा जाडजूड आल्बम, आणि आल्बमात ग्रीस देशाची अगदी पहिली तिकिटं. एकशे चाळीस. सगळ्यांवर एकच तोंड, बाजूनं काढलेलं. हर्मिस त्याचं नाव, ग्रीकांच्या देवांचा निरोप्या. डोक्यावर टोपी आणि टोपीला पंख.

सावित्रीनं हे तोंड पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं होतं, "मामानू, हो कोण? टोपयेक कोंबड्याचे पंख लावन खंय चल्लो?"

"टपाल घेवन."

"मगे आमच्या पोस्टमनाक पण लावा. मनीऑर्डर तरी येळेर पावात."

साल्वादोर अठ्ठावीस वर्षं ग्रीक मालवाहू बोटींवर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. बोट पिरेयस बंदराला लागली की बाकीचे खलाशी जाकिटं आणि अत्तराच्या बाटल्या आणायला धावायचे. हा एका बोळातल्या म्हाताऱ्याच्या दुकानात जाऊन बसायचा आणि एका खेपेला एक, फार तर दोन हर्मिस घेऊन यायचा. बायको डोरथी शेजारणींना सांगायची, "लोकांचे घोव सोना हाडतत. माझो घोव लोकांनी चाटून चिकटयलेली तिकिटां हाडता." डोरथी गेली आणि सावित्री संध्याकाळची दोन भाकऱ्या नि कालवण करायला येऊ लागली. दिवसा काजू फॅक्टरी, संध्याकाळी साल्वादोरची चूल, मग पाऊण कोस चालत आपलं घर. तिथं तिचा घोव लवू भात आणि काजीची चार झाडं सांभाळून असतो. कमी बोलतो, आणि तेच बरं असं ती सगळ्यांना सांगते.

अ‍ॅलन मडगावला नोकरीत. या आठवड्यात तो बापाला कायमचा तिकडे घेऊन चालला होता. घराला कुलूप लागायचं होतं, आणि आल्बमला कसर लागायच्या आत तो विकायचा होता. साल्वादोर विकायला हो म्हणाला, पण एका अटीवर. "सावित्री सांगात ताच खरा. ती बघतली, ती सांगतली, तेच्यार इकायचा. नाय तर आल्बम माझ्या पेटयेत घाला आणि मातयेत पुरा."

म्हणजे आज टेबलावर आल्बम होता तसा सावित्रीचा शब्दही होता. हा पुण्याचा माणूस आल्बम 'सगळा मामुली' म्हणून घेऊन गेला असता, तर लोबोच्या घरात जन्मभर एकच म्हटलं गेलं असतं: काजूवालीचा आयकलंव आणि फसलंव.

आता ही सातवी पास बाई ग्रीक तिकिटांत कशी पडली? साल्वादोरची नजर जायला लागली तेव्हा आधी अक्षरं गेली, मग कडा गेल्या. तो आल्बम नाकाला लावून बसायचा आणि शिव्या द्यायचा. एका संध्याकाळी सावित्रीनं पिठाचे हात पुसले आणि भिंग त्याच्या हातातून काढून घेतलं. "सांगा मामानू, काय बघूचा?"

"गाल बघ गो, गाल. आणि गालाखाली मान."

त्यानं सांगितलं ते असं. हे ठसे कोरले पारीसला. पहिली छपाई अठराशे एकसष्ट साली तिथंच झाली. मग तेच ठसे अथेन्सला नेले आणि पुढं वीसेक वर्षं अथेन्सवाले आपल्या हातानं छापत राहिले. ठसा तोच, हात दुसरे. पारीसचं मोजकं, म्हणून त्याला मान. अथेन्सचं ढिगानं. गालावर आणि मानेवर सावलीच्या बारीक रेघा आहेत. पारीसच्या छाप्यात त्या केसासारख्या निघतात आणि टोकाला टिंब टिंब होऊन विरून जातात. अथेन्सच्या छाप्यात शाई जाड बसते, रेघ तुटत नाही.

साल्वादोरनं सांगायचं आणि तिनं बघायचं. महिन्याभरात तिनं आपली नावं पाडली. पारीसचं ते 'सफेद अख्खो'. अथेन्सचं स्वच्छ ते 'पाकळी', काजू फोडून दोन भाग झाल्यासारखं, चांगलं पण अख्ख्याच्या पंगतीत न बसणारं. कडेनं वेडंवाकडं कापलेलं ते 'तुकडो', कारण या तिकिटांना दाते नाहीत, कात्रीनं कापलेली, आणि चारी बाजूंना कड राहिली तरच किंमत. डाग पडलेलं ते 'डागी'. साल्वादोर आधी खो खो हसला. वर्षाभरानं तोच पुण्या-मुंबईच्या कुणाशी फोनवर बोलताना म्हणाला, "थांब हां, तो अख्खो काय पाकळी ता सावित्रीक इचारून सांगतंय."

तिनं भिंग हातात घेतलं त्याला दहा वर्षं झाली.

जितेंद्रांनी आल्बमची पानं भराभर उलटली. चिमटा धरायची पद्धत चांगली होती, सावित्रीनं ते मनात कबूल केलं. पण माणूस पान बघत होता, गाल बघत नव्हता. शेवटचं पान मिटून ते अ‍ॅलनला म्हणाले, "छान जमवलंय तुमच्या वडिलांनी. पण खरं सांगू का, सगळं अथेन्सचं, नंतरचं काम आहे. सुटं सुटं काढत बसण्यात अर्थ नाही. आल्बम एकगठ्ठा घेईन मी."

अ‍ॅलननं बापाकडं बघितलं. बापानं मान सावित्रीच्या आवाजाच्या दिशेला वळवली.

"सगळा नाय," सावित्री म्हणाली.

फॅक्टरीच्या ऑफिसात, बँकेत, दवाखान्यात ती शुद्ध मराठी बोलते. 'माझं पासबुक भरून द्या' असं ठणठणीत म्हणते. आज तिनं ठरवून मालवणी सोडली नाही. कुणाला कळत नसेल तर त्यानं परत विचारावं.

"चवथा पान उगडा. दुसरी वळ. नारिंगी तिकीट आसा, धा लेप्टाचा. लेप्टा म्हणजे थंयचो पैसो, ता तुमका मायती असतला. ता पारीसचा."

जितेंद्रांनी पान काढलं, भिंग लावलं, या वेळी जरा जास्त वेळ. "गालावर शिक्का बसलाय मावशी. काळाकुट्ट. रेघा दिसतायत कुठं?"

"मान दिसता मा? मानेर शिक्को नाय."

"मानेवरून एवढं मोठं विधान करता येत नाही. दहा लेप्टाचं पारीसचं असेल तर पाठीवर दहाचा आकडा असतो, मोठा. अथेन्सच्या पाठीवर लहान असतो. पाठ दाखवा, मी लगेच मानतो." त्यांनी चिमट्यानं तिकिटाची कड हलकेच उचलायला बघितली. कड हलली नाही. भिंग जवळ नेलं, मग नाक जवळ नेलं. "हे काय लावलंय? हे तर कागदाला कायमचं चिकटलंय. हे कुणी केलं?"

अ‍ॅलन हातात चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबला.

"मीया," सावित्री म्हणाली. "फणसाचो चीक तो."

आमच्याकडं फणसाचा चीक काठीला गुंडाळून ठेवतात. मडकं तडकलं, कळशी गळाली, की काठी चुलीवर ऊन करायची आणि चीक दाबून बसवायचा. एकदा बसला की कळशी जाईल, चीक जाणार नाही. सावित्रीला या घरात येऊन महिना झाला होता, भिंग अजून हातात यायचं होतं, तेव्हा आल्बम झाडताना हे एक तिकीट सुटून जमिनीवर पडलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी मोडलं. तिनं चुलीवर काठी धरली आणि चांगलं घट्ट बसवून टाकलं. काय केलं ते कळायला पुढं वर्ष गेलं. पाठीवर आकडा असतो आणि तो बघायचा असतो, हे साल्वादोरनं शिकवलं त्या दिवशी तिनं आल्बम मिटून ठेवला. तोवर तो पान दिसण्याच्या पलीकडं गेला होता. अधनंमधनं विचारायचा, "धाचा आसा मा गो बरा?" आणि ती म्हणायची, "आसा." खोटं नव्हतं. होतंच ते तिथं. कुठं जाणार?

"फणसाचा चीक!" जितेंद्र हसायला लागले, आणि हसताना त्यांनी अ‍ॅलनकडं असं बघितलं की बघ, कुणाच्या शब्दावर बसलायस. "अहो, पाठच दिसत नाही त्या तिकिटाला किंमत काय लावायची? आणि लावणारी हीच बाई! मी सांगतो तेच बरोबर आहे. एकगठ्ठा."

साल्वादोरनं खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "किती वर्सां झाली गो?"

"धा."

"धा वर्सां! आणि माका सांगूक नाय?" त्याचा आवाज चढला. "बाये, बोटीर असतंस तर तुका पुढच्या बंदराक उतरवन मी बोट हाकलंय असतंय!"

"उतरवा. पण आधी माझा आयका," सावित्रीही तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "चीक माझो. चूक माझी. मीया नाय म्हणूक नाय. पण चीक पाठीक लागलो, तिकिटाच्या तोंडाक नाय. मान मीया बघलंय आणि मान पारीसची आसा. माझी चूक झाली म्हणान ह्यांचा खरा होना नाय."

जितेंद्रांनी बॅग आवरायला घेतली. बॅगेतून एक छोटी काळी थाळी आणि एक बाटली बाहेर काढून ठेवलेली होती, ती त्यांनी हातात घेतली. तिकिटाच्या कागदातलं पाणचिन्ह किंवा केलेली दुरुस्ती दिसावी म्हणून हे लोक तिकीट थाळीत पालथं ठेवतात आणि वर बाटलीतलं बेंझीन सोडतात. साल्वादोरकडंही असायचं. घरात कायम पेटती मेणबत्ती, म्हणून डोरथीनं आपल्या हयातीतच ते फेकून दिलं होतं.

सावित्रीनं हात पुढं केला. "ती बाटली हडे दिया."

"कशाला?"

तिनं बूच काढून वास घेतला. लहानपणापासून ओळखीचा वास, जरा शहरी झालेला. फणस फोडताना हाताला खोबरेल लावतात. तरी लुगड्याला चीक लागलाच तर रॉकेलनं काढतात. रॉकेलचा तेलकट डाग राहतो म्हणून दहा वर्षांत तिचं धाडस झालं नव्हतं. "ह्या रॉकेलाची भयण मा? चाकरमानी झालेली? तुम्ही ह्या तिकिटार ओततास, शाई जाता?"

"शाई जात नाही, पण..."

"मगे चीक जायत."

"हे बघा, काही झालं तर जबाबदारी माझी नाही."

"तुमची कोणी मागल्यान? चीक माझो, हात माझो, जबाबदारी माझी." मग ती साल्वादोरकडं वळली, कारण तिकीट त्याचं होतं. "मामानू, करू?"

साल्वादोर अजून रागात होता. "धा वर्सां थांबलंस, आता कित्याक इचारतंस? कर!"

आधी तिनं आत जाऊन आल्तारासमोरची, म्हणजे देव्हाऱ्यापुढची, मेणबत्ती फुंकली. पंखा बंद केला. पानाचा तेवढा चौकोन कात्रीनं कापून काढला, थाळीत पालथा ठेवला आणि बेंझीन सोडलं. वास पडवीभर झाला. बसली. उडून जातंय असं दिसलं की पुन्हा थोडं सोडायची. अ‍ॅलननं घड्याळ बघितलं, जितेंद्रांनी फोन बघितला. ती थाळी बघत होती. बऱ्याच वेळानं पानाचा कागद सैल झाला आणि अलगद निघून आला. खाली तिकीट राहिलं, पाठीवर चिकाचं तपकिरी कातडं घेऊन. कातडं फुगलं होतं.

प्रतवारीच्या टेबलावर बसायच्या आधी सावित्री सात वर्षं सोलायच्या खात्यात होती. काजूच्या गरावर तांबडी पातळ साल असते. बोथट सुरीनं ती अशी काढायची की आतल्या गरावर ओरखडा उठता कामा नये. ओरखडा उठला की गर गेला. साल ओढायची नसते. एका कडेला जरा उचलायची आणि ती कुठून सुटायला तयार आहे ते बोटाला सांगू द्यायचं. तिनं जितेंद्रांचा चपटा चिमटा उचलला, न विचारता. एक कड उचलली. थांबली. दुसऱ्या बाजूनं उचलली. चीक एका अखंड पापुद्र्यासारखा सुटत आला आणि त्याच्याखालून नारिंगी शाईचा एकाचा दांडा दिसला, मग शून्याचं अर्धं पोट, मग पूर्ण शून्य. पाठीच्या मधोमध, ऐसपैस. दहा.

जितेंद्रांनी मान वाकवली, खिशातून पट्टी काढली आणि आकड्याची उंची मोजली. पुन्हा मोजली. "आठ मिलिमीटर," ते म्हणाले. मग, "पारीसचं असू शकतं."

"असू शकता नाय. आसा."

"काय गो? दिसलो?" साल्वादोर खुर्चीत सरळ झाला होता.

"दिसलो मामानू. म्हशीएवढो धा आसा."

जितेंद्र पटकन धंद्यावर आले. "पण हा बघा, खाली डाव्या कोपऱ्यात डाग राहिलाय. तपकिरी. कागद थोडा पातळ झालाय तिथं. अशा खराब मालाला वेगळा भाव देता येत नाही. तो एकगठ्ठ्यातच..."

डाग तिनं त्यांच्याआधी बघितला होता. नखाएवढा. तिथं चीक कागदात मुरला होता, आणि तो आता या जन्मात निघणार नव्हता.

"डाग आसा," सावित्री म्हणाली. "मीया घातलेलो आसा. तुमका दाखवूची गरज नाय. सफेद अख्ख्याचो भाव मी मागनंय नाय." तिनं तिकीट थाळीच्या कोरड्या कडेला ठेवलं आणि पहिल्यांदाच जितेंद्रांच्या डोळ्यांत बघितलं. "पण ह्यो डागी अख्खो. अख्खो! डाग पडलो म्हणान तुकड्यांच्या डब्यात घालूक मी देवचंय नाय. आमच्या फॅक्टरीत पण असा कोण करी तर तेका घराक धाडतत."

"मावशी, बाजार असा चालत नाही."

"मावशी तुमची पुण्याक. माझा नाव सावित्री घाडी. आणि बाजार कसो चालता ता माका मायत आसा. इकत घेणारो सगळ्याक तुकडो म्हणता आणि इकूक बसलो की सगळो अख्खो होता. लिवा कागदार: दहा लेप्टा, पारीस, पाठीवर मोठा आकडा, खाली डावीकडे चिकाचा डाग." शेवटचं वाक्य तिनं शुद्ध मराठीत सांगितलं, म्हणजे लिहिताना चूक व्हायला नको.

जितेंद्रांनी अ‍ॅलनकडं बघितलं. अ‍ॅलननं बापाकडं. बाप म्हणाला, "माझ्याकडे काय बघतास? माका दिसता खंय? तिना सांगल्यान ता लिवा. नाय तर चाय पिया आणि उठा."

त्यांनी लिहिलं. त्यांच्या अक्षरात, त्यांच्या पेनानं, खाली सही करून. मग तिकिटाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि म्हणाले की असं असेल तर सगळी पानं पुन्हा बघावी लागतील, दिवस मोडेल, त्यांना आज इन्सुलीमार्गे गोवा गाठायचा आहे, परत येताना बघू. आल्बम टेबलावरच राहिला. चहा त्यांनी उभ्यानं प्यायला.

गाडी रस्त्याला लागल्यावर अ‍ॅलन वैतागला. "गेला गिऱ्हाईक! आता पप्पाक घेवन जावचा काय ह्या बाडबिस्तारा घेवन बसायचा?"

"येतलो परत," सावित्री म्हणाली. "बाटली नि थाळी इसारलो तो."

साल्वादोर हसला, आणि हसू संपायच्या आत त्याला राग आठवला. "धा वर्सां गो! आणखी कितक्यांक चीक लावलंस ता आता सांगून टाक."

"एकाकच. आणि आता इचारू नकात परत. चिठी तुमच्या खिशात घातलंय, सांभाळा. पानां मी रोज सांजचे चार चार बघून अ‍ॅलनाकडून लिवन घेवन ठेवतलंय, तुम्ही जायसर. तो परत इलो की सगळा लिवलेला पुढ्यात टाकूचा." तिनं टेबलावरचं तिकीट कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवलं, आल्बम फडक्यात बांधला आणि पायात चपला सरकवल्या. चिकाचा पापुद्रा थाळीत पडला होता, तो चिमटीत धरून खळ्याबाहेर टाकला. "आल्तारार मेणबत्ती लाव रे अ‍ॅलन. पण आधी वास जाव दी, नाय तर घर पेटात."

फॅक्टरीत पोचली तेव्हा दुसरी पाळी बसून तास झाला होता. भक्ती मॅडम दारातच. "सावित्रीबाय, अर्ध्या दिसाची रजा म्हणजे अडीच वाजता काय?"

"कापा तासाचो पगार. वरडू नकात."

"आणि हो कसलो वास? रॉकेलात बुडलंस काय?"

"तेच्या भयणीत," सावित्री म्हणाली आणि आत गेली.

तिनं केसांवर टोपी चढवली, हात धुतले, पुसले, वासानं पुन्हा धुतले. ट्यूबलाइटखाली तिचं पांढरं टेबल भरून ठेवलेलं होतं. डाव्या हातानं मूठ ओढली, उजव्या हाताची बोटं फिरायला लागली: अख्खो, अख्खो, पाकळी, तुकडो, अख्खो. दुसऱ्या मुठीत एक टपोरा निघाला, कडेला तांबूस डाग. तिनं तो उलटा केला, पाठ बघितली, डागी अख्ख्यांच्या डब्यात टाकला आणि पुढची मूठ ओढली.